रात्री तीनला धाप लागते, तो दमा की धास्ती?

जागरणवाली

बाळ अकरा आठवड्यांचं झालं. मला दमा शाळेत असल्यापासून आहे, त्यामुळे पंप काही नवा नाही. कॉलेज, नोकरी, डोंगर चढणं, सगळं त्याच्यासकट निभावलं. गरोदरपणात तर दमा असा गप्प बसला होता की मला वाटलं, सुटले एकदाची. आता व्याजासकट वसुली चाललीय.

परवाची रात्र सांगते, म्हणजे काय विचारायचंय ते कळेल. पावणेतीनला बाळ उठलं. पाजलं, ढेकर काढला, खांद्यावर घेऊन फेऱ्या सुरू केल्या. पाचव्या-सहाव्या फेरीला छाती आवळून आली. पंप बाहेरच्या खोलीत, पर्समध्ये. डाव्या खांद्यावर बाळ, उजव्या हाताने पर्सची चेन. पंप हलवला तर त्या खडखडीने ते दचकलं आणि आणखीच रडायला लागलं. दोन पफ घेतले. श्वास जरा मोकळा झाला, पण थोड्याच वेळात हात थरथरायला लागले आणि छातीत धडधड. या हातांनी त्याला धरायची भीती वाटली. म्हणून पाळण्यात ठेवलं, शेजारी फरशीवर बसले आणि गजांतून नुसता हात आत घातला. तो माझं बोट धरून रडत होता. मनात काय आलं ते लिहिते, नावं ठेवू नका: "गप्प बस ना रे, आधी मला श्वास घेऊ दे."

घरात सगळे म्हणतात टेन्शन घेऊ नकोस, टेन्शननेच होतं. आता मलाही कळेनासं झालंय, धाप लागते म्हणून घाबरते की घाबरते म्हणून धाप लागते. दमा आणि तान्हं बाळ दोन्ही एकदम सांभाळलेलं कोणी आहे का इथे?

मधली_सुट्टी

आहे. हात वर.

"टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य ज्याने शोधलं त्याला एक रात्र माझ्याकडे पाठवा. बाळ देते, पंप देते आणि मी झोपते.

आणि नावं कोण ठेवणार? माझ्या मनात याच्यापेक्षा वाईट येऊन गेलंय, सोळा वेळा.

फुंकर

छातीच्या विकारांच्या विभागात नर्स म्हणून काम करते, म्हणून आधी प्रश्न विचारते. गेल्या चार आठवड्यांचं आठवून सांगा. दिवसा खोकला, घरघर किंवा धाप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त होते का? दम्यामुळे रात्री जाग येते का? अडीनडीचा पंप, म्हणजे तुमचा तो रात्रीचा, आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागतो का? आणि दम लागेल म्हणून एखादं काम टाळता का?

हाताची थरथर आणि धडधड मात्र बहुतेक त्या औषधाचीच. त्या पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनळ्यांचे स्नायू सैल करतं, पण थोडं अंगभर पोचतं, म्हणून हात कापतात आणि ठोके वाढतात. थोड्या वेळाने ओसरतं. तुम्ही घाबरट आहात असा त्याचा अर्थ होत नाही. बाळाला खाली ठेवलंत हे मात्र अगदी बरोबर केलंत.

जागरणवाली

थरथर औषधाची असू शकते हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं! पूर्वी हातात बाळ नसायचं, त्यामुळे लक्षही गेलं नसेल.

पहिल्या प्रश्नाला हो, जवळजवळ रोज. तिसऱ्याला हो. चौथ्याला पण हो, जिन्यावरून बाळाला घेऊन एकटी उतरत नाही. दुसऱ्याचं काय सांगू? मी झोपलेली असते कुठे की दम्याने जाग येईल?

फुंकर

हे खरंय. नव्या आईच्या बाबतीत तो प्रश्न गळपटतो. तो असा विचारते: बाळासाठी उठल्यावर, पाजायला बसल्यावर, खोकला येतो का? शिट्टी ऐकू येते का? डॉक्टरांकडे जाल तेव्हा "रात्री जाग येत नाही" असं सांगू नका, हे सांगा. नाहीतर कागदावर तुमचा दमा आहे त्यापेक्षा सौम्य दिसेल.

आणि रोजचा पंप, सूज आवरणारा? तो चालू आहे ना?

मोरपीस

माझा मुलगा आता चार वर्षांचा. धागा वाचून जुनं सगळं वर आलं. मला सर्वात जास्त कशाने खाल्लं सांगू? अंगाईने. गाणं म्हणायला श्वास लागतो, हे माणसाला सहज कळत नाही. दोन ओळी म्हटल्या की खोकला. मग मी नुसती गुणगुणायचे, तोंड मिटून. त्याला काही फरक पडत नव्हता. मलाच पडत होता. बाकीच्या आया गातात, खेळवतात, उचलून गरगर फिरवतात आणि आपण बाजूला बसून धापा टाकतो, असं वाटायचं.

जुनं_खोड

रागावू नका पण लिहिते. आमच्या वेळी हे असलं मोजमाप नव्हतं. दमा होता, मुलं होती, घरात माणसं होती. आजकाल प्रत्येक गोष्टीला नाव द्यायचं आणि मग त्या नावालाच घाबरायचं. श्वास लागला की पाच मिनिटं बसायचं, पुन्हा कामाला लागायचं.

मधली_सुट्टी

"घरात माणसं होती" हे शेवटी कशाला टाकलंत, काकू? तिथूनच सुरुवात करा की. इथे रात्री तीनला कोण आहे?

जुनं_खोड

बरोबर आहे. माणसं होती म्हणून निभलं. मुद्दा मान्य.

रात्रपाळी_बाबा

या धाग्यावर पुरुष चालतो का माहीत नाही, पण लिहितो. बायकोला दमा, मुलगी सात महिन्यांची.

मी केलेली चूक आधी सांगतो. ती चिडली की मी विचारायचो, "पंप घेतलास का?" मला वाटायचं मी काळजी करतोय. तिने एकदा शांतपणे सांगितलं, "मी चिडले तर मी चिडले आहे. दर वेळी माझ्या छातीत काहीतरी बिघडलेलं नसतं." त्यानंतर तो प्रश्न बंद.

आता काय करतो: रात्री दहा ते दोन मुलगी माझी. त्या वेळात ती दुसऱ्या खोलीत, दार लावून. पाजायचं दूध आधी काढून ठेवते. सलग चार तास झोप. सुरुवातीला मुलगी रडली की ती उठून यायचीच. मग एक ठरलं, दाराला हात लावायचा असेल तर आधी मला फोन करायचा. हास्यास्पद वाटेल, पण त्या एका पायरीमुळे ती परत झोपायची. पंप कसा घ्यायचा, कितीला घाबरायचं, तेही शिकून घेतलं, कारण अटॅक आला तर ती बोलू शकणार नाही आणि सांगायचं मलाच आहे.

मोरपीस

"पंप घेतलास का?" हे आमच्या घरात अजून चालू आहे. हा प्रतिसाद नवऱ्याला पाठवते.

जागरणवाली

फुंकरताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं टाळत होते. दोनदा लिहून खोडलं.

रोजचा पंप बंद आहे. दवाखान्यातून घरी आले तेव्हापासून. त्यावर स्टेरॉइड लिहिलंय. मी अंगावर पाजते. मला वाटलं, दुधातून त्याच्या पोटात जाईल, त्याची वाढ, त्याची हाडं... कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर "घे" म्हणाले असते आणि मग रोज घेताना वाटत राहिलं असतं की मी स्वतःसाठी त्याला काहीतरी देतेय. न घेणं सोपं होतं. त्रास झाला तर मला होईल, त्याला नाही.

नवऱ्यालाही माहीत नाही. त्याला वाटतं मी सकाळ-संध्याकाळ घेते.

मधली_सुट्टी

अगं.

आधी एक मिठी घे.

फुंकर

सांगितलंत हे फार बरं झालं. आणि असं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. माझ्याकडे येणाऱ्या बाळंतिणींमध्ये हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता तो प्रश्न मीच आधी विचारते.

आता नीट ऐका. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ते थेट श्वासनळ्यांवर बसतं, रक्तात थोडं उतरतं, रक्तातून दुधात आणखी थोडं. ब्युडेसोनाइड हे अशा पंपातलं एक स्टेरॉइड, त्याचं दुधातलं प्रमाण मोजून पाहिलेलं आहे आणि ते नगण्य आहे. ही औषधं घेताना स्तनपान चालू ठेवायला हरकत नाही, ही मान्य गोष्ट आहे. साल्ब्युटामॉलचंही तेच. अगदी मोठा अटॅक येऊन काही दिवस प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्याच, गोळ्या घ्याव्या लागल्या, तरी सहसा पाजणं थांबवावं लागत नाही. बॉडीबिल्डिंगवाले घेतात ते स्टेरॉइड वेगळं. नावाने घोटाळा होतो.

उलट हिशोब करा. रोजचा पंप बंद म्हणून श्वासनळ्यांची सूज वाढली, म्हणून अडीनडीचा पंप रोज लागतोय, म्हणून थरथर, म्हणून बाळाला धरायची भीती. अडीनडीचा पंप नळ्या तेवढ्यापुरत्या उघडतो, सूज तशीच राहते. म्हणूनच दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी, 'जीना' म्हणतात त्यांना, २०१९ पासून मोठ्या माणसांत नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा चालवू नये असं स्पष्ट सांगितलंय.

परत सुरू करताना जुना डोस आपल्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांना भेटा. उद्याच. आणि पंप बंद होता हे त्यांना सांगा. ते न सांगता गेलात तर त्यांना वाटेल औषध घेऊनही दमा आटोक्यात नाही, आणि वरचं औषध चढवतील.

मोरपीस

यात एक भर. गरोदरपणात साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा सुधारतो, एक तृतीयांशांचा बिघडतो, बाकीच्यांचा आहे तसा राहतो. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांत तो बहुधा पहिल्या पदावर येतो. मला हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी परत आला तेव्हा वाटलंच की माझंच काहीतरी चुकलं.

स्वच्छ_कोपरा

घरातल्या कारणांवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. गाद्यांना माइटप्रूफ (धुळीतले बारीक किडे अडवणारं) कव्हर, चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात, गालिचे काढून टाकणे, पडदे धुणे, भरलेली खेळणी कमी, कोपऱ्यातली ओल आणि बुरशी, उग्र वासाची फरशी पुसायची द्रव्यं बंद, अत्तरं बंद, पाळीव प्राणी झोपायच्या खोलीबाहेर, धूळ ओल्या फडक्याने, झाडताना खिडक्या...

मधली_सुट्टी

ही यादी वाचूनच मला धाप लागली.

स्वच्छ_कोपरा

चूक काय आहे त्यात? सगळं खरंच आहे.

मोरपीस

खरं आहे हो. पण हे सगळं करायचं कोणी? अकरा आठवड्यांच्या बाळाच्या आईने? मी केलं होतं, कारण दमा उसळला तर ती माझी चूक असं वाटायचं. गादी झटकता झटकता अटॅक आला. ज्याने खरोखर त्रास होतो तेवढं एक-दोन धरावं. माझ्या बाबतीत बाळाची पावडर निघाली. टाल्कम. डायपर बदलताना ढगच्या ढग उडायचे आणि माझं नाक नेमकं त्यावर. तशीही बाळाला तिची गरज नसते, उलट ती श्वासात गेली तर त्यालाच वाईट. डबा टाकून दिला, एक आठवड्यात फरक.

रात्रपाळी_बाबा

आणि धुणं-झटकणं हे नवऱ्याचं काम असू शकतं. यादी मी उतरवून घेतली आहे, धन्यवाद स्वच्छ_कोपरा.

घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर मात्र ती यादीत पहिली, आणि त्यावर चर्चा नको. आईलाही वाईट, बाळाच्या फुप्फुसांनाही. गॅलरीत जाऊन ओढली तरी कपड्यांवर येतेच.

कानगोष्ट

समुपदेशन करते, बाळंतपणानंतरचं मानसिक आरोग्य हाच विषय. धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे येते, दमा की धास्ती.

दोन्ही असू शकतं, आणि दोघी एकमेकींना बोलावतात. पण ओळखायच्या काही खुणा आहेत. दम्यात श्वास सोडताना जास्त अडतो, शिट्टी येते, खोकला येतो, पंपाने उतार पडतो. घाबरण्याच्या झटक्यात श्वास भराभर होतो, पुरेशी हवा आत जात नाही असं वाटून माणूस उसासे टाकत राहतो, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. मनाला विचारून याचा निकाल लागत नाही, विशेषतः रात्री तीनला. मोजावं. पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी मिळते. जोरात फुंकायचं आणि काटा बघायचा. तुमच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर असाल तर हिरवं, ५० ते ८० पिवळं, ५०च्या खाली लाल. काटा पडलेला असेल तर दमा आहे. काटा जागेवर आणि तरी जीव घाबरा, तर दुसरीकडे बघायला हवं. संशय राहिलाच तर दमा समजून वागायचं, हा नियम.

दुसरं. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, हळवं होणं खूप जणींना होतं आणि आपोआप जातं. तुम्ही अकरा आठवड्यांवर आहात. एडिंबरा प्रश्नावली म्हणून एक आहे, १९८७ सालची, दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, एकूण गुण ३०. ती भरून डॉक्टरांकडे न्या. त्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर "कधीच नाही" सोडून दुसरं काहीही असेल, तर बाकी बेरीज कितीही येवो, त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं.

हे दम्याच्या धाग्यावर का लिहितेय? कारण मन खचलं की पहिली सुटते ती रोजची औषधं.

खिडकीपाशी

खूप दिवस नुसती वाचत होते. कानगोष्ट यांनी मनाचं लिहिलं म्हणून सांगते.

मला बाळ झाल्यावर दम्यासाठी मॉन्टेलुकास्टची गोळी चालू होती. विचित्र स्वप्नं पडायची, बाळ पाण्यात पडतंय वगैरे. दिवसा उगाच रडू. सगळ्यांनी, मीही, बाळंतपणावर ढकललं. एका डॉक्टरांनी औषधांची यादी मागितली आणि त्या गोळीवर बोट ठेवलं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मार्च २०२० मध्ये त्या गोळीवर सर्वात कडक प्रकारची सूचना टाकली आहे, मनःस्थितीवरच्या परिणामांबद्दल. माझी गोळी बदलली. स्वप्नं थांबली. रडू पूर्ण थांबलं नाही, त्यासाठी वेगळे उपचार लागले. म्हणजे सगळा दोष गोळीचा नव्हता, पण काही होता.

फुंकर

महत्त्वाचं लिहिलंत. सगळ्यांना होत नाही, अनेकांना ती गोळी उत्तम लागू पडते, त्यामुळे वाचून कोणी एकदम बंद करू नका. पण मनात बदल जाणवला तर डॉक्टरांना नक्की सांगा. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही झोप उडते आणि चिडचिड होते, पंपाने सहसा नाही. आणि वेदनाशामक! टाके, पाठ, डोकं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक सर्रास घेतलं जातं. दमा असलेल्या काहींना त्या गटाने अटॅक येतो. पूर्वी कधी ॲस्पिरिनसारख्या गोळीने त्रास झाला असेल तर आधी सांगायचं.

मधली_सुट्टी

एकटीच घरी असताना मोठा अटॅक आला तर काय, यावर कोणी बोलेल का? मला त्याचीच धास्ती असते. मला काही झालं तर ते पाळण्यात किती वेळ रडत पडेल, हा विचार.

खिडकीपाशी

मला आलाय, एकटी असताना. तेव्हा कळलेलं लिहिते. बाळ हातात असेल तर आधी ते खाली, पाळण्यात, उताणं. रडू दे. रडणारं बाळ श्वास घेतंय. मग ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही. पंप. मग फोन, स्पीकरवर, कारण कानाला धरायलाही जोर राहत नाही. आणि दाराची कडी काढून ठेवायची. मी हे शेवटचं विसरले होते. रुग्णवाहिकेची माणसं बाहेर, मी आत जमिनीवर, कडी लावलेली. शेवटी सरकत सरकत गेले. आता शेजारी किल्ली ठेवलीय.

फुंकर

याला माझी सही. मदत बोलवायची वेळ कधी, ते पाठ असू द्या: एक पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, पंपाने उतार पडत नाही किंवा पडून लगेच परत चढतो. यातलं एक जरी असलं तरी वाट बघायची नाही. किती पफ, किती अंतराने, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पाळण्याच्या वर चिकटवा.

जागरणवाली

सगळ्यांचं वाचलं. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. गप्प बसला, मग म्हणाला, "मला वाटायचं तू ठीक आहेस, कारण तू तसं सांगायचीस." उद्याची वेळ घेतली आहे.

एकच राहिलं. त्यालाही दमा होईल का? हे मी रोज विचारते, मनातल्या मनात.

मोरपीस

आईला किंवा बाबांना असेल तर शक्यता वाढते. पण होईलच असं नाही. माझ्याला चार वर्षांत झालेला नाही. पुढचं मी बघत बसत नाही, खोटं कशाला बोलू, सर्दी झाली की कान त्याच्या छातीला लावतेच.

फुंकर

पहिल्या वर्ष-दोन वर्षांत विषाणूच्या सर्दीने घरघर खूप बाळांना होते, त्यातल्या पुष्कळांना पुढे दमा होत नाही. इतक्या लहान वयात तसं निदानही करता येत नाही. धुरापासून लांब ठेवा, पाजताय ते चालू ठेवा. ते काय तुम्ही करताच आहात.

जागरणवाली (पाच आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय. अपडेट द्यायचं कबूल केलं नव्हतं, पण द्यावंसं वाटलं.

गेले तेव्हा पीक फ्लो २६० होता. माझा जुना सर्वोत्तम ४००. म्हणजे ६५ टक्के, चांगलंच पिवळं. डॉक्टर म्हणाले, "या फुप्फुसांनी तुम्ही रात्रभर फेऱ्या मारत होतात?" मला तिथेच रडू आलं. कारण तोपर्यंत मला आतून वाटत होतं की हे सगळं माझ्या डोक्यात आहे.

रोजचा पंप सुरू झाला, स्पेसर लावून, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी. पंप घेण्याची माझी पद्धत इतकी वर्षं चुकत होती हेही कळलं. दाबायचे आधी आणि ओढायचे नंतर, अर्धं औषध जिभेवर. आता एक पफ, सावकाश आत, दहा मोजेपर्यंत रोखायचं, मग दुसरा. नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. पहिले दहा दिवस काही फरक वाटला नाही, सोडून द्यावं असंही वाटलं. या आठवड्यात आकडा ३५० आहे. अडीनडीचा पंप आठवड्यात एकदा लागला.

प्रश्नावलीत १४ आले. समुपदेशन सुरू आहे, दोन बैठका झाल्या. तिथे मी दम्याबद्दल कमी आणि माझ्या आईबद्दल जास्त बोलले, का ते माहीत नाही.

सगळं छान वगैरे नाही. परवा बाळाला सर्दी झाली, ती मला लागली, मीटर ३००वर. त्या रात्री परत फरशीवर बसले होते. पण दहा ते दोन नवरा उठतो. फोनचा नियम आम्हीही लावलाय, रात्रपाळी_बाबा. पहिल्या रात्री मी तीन वेळा फोन केला.

पंप आता पाळण्याच्या कडेला कापडी पिशवीत असतो. खडखड ऐकली की बाळ आता दचकत नाही, मान वळवून बघतो.

जुनं_खोड

वाचून बरं वाटलं. तेव्हा मी जरा जोरात बोलले होते. दाराची किल्ली शेजारी ठेवलीत का?

जागरणवाली

ठेवली, काकू.

फुंकरताई, एक विचारायचं होतं. स्पेसर आतून पांढुरका दिसतोय. साबणाच्या पाण्याने धुऊन फडक्याने पुसला तर चालेल ना?

फुंकर

धुवा, पण पुसू नका. पुसलं की त्यात स्थिर विद्युत तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. हवेवर वाळू द्या. रात्री धुऊन ठेवू नका मात्र, तीनला ओला सापडेल.